दुखतंय म्हणजे दुखतंय

योग वाईट, असा अर्थ यातून कुणी काढू नये. मी आजही रोज सकाळी सतरंजी अंथरते. पण योगोपचाराच्या नावाखाली एका माणसाने माझ्याशी जे केलं त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी काही खटपटही करत नाही.

कमरेच्या एमआरआयचा रिपोर्ट मी पहिल्याच दिवशी योगवर्गाच्या सरांच्या हातात दिला होता. हे आधीच सांगते, कारण नंतर त्यांनी 'मॅडमनी दुखणं लपवलं' असं चारचौघांत सांगितलं. एल-फाइव्ह एस-वनची गादी सरकलीय, डावी नस दबतेय, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, मान डोलावली आणि म्हणाले, "ताई, हे कागद विसरा. शरीराचं ऐका." मला ते पटलं. शरीराचं ऐकायला शिकावं म्हणूनच तर मी तिथे गेले होते.

वर्गात गुडघेदुखीवाले होते, थायरॉइडवाले होते, कंबरवाले होते. क्रम सगळ्यांना एकच : सूर्यनमस्कार, पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन, हलासन. याला उपचार कसं म्हणायचं? एकच गोळी सगळ्या रांगेला वाटणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जाऊ का?

एके दिवशी पश्चिमोत्तानासनात मी जेवढं वाकवतं तेवढं वाकले होते. सर मागून आले आणि दोन्ही तळवे कमरेवर टेकवून दाबू लागले. मी म्हटलं, "सर, पायात कळ येतेय." कुठे येतेय, कशी येतेय, काही विचारलं नाही. "श्वास सोडा, अहंकार सोडा," म्हणाले आणि आणखी वजन टाकलं. कळ कुल्ल्यातून निघाली, मांडीच्या मागून, पोटरीतून सरळ करंगळीपर्यंत गेली. मला रडू फुटलं. तेव्हा ते वर्गाकडे वळून म्हणाले, "बघा, साठलेल्या भावना कशा मोकळ्या होताहेत!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वेदनेने रडत होते आणि माझ्याभोवती टाळ्या वाजत होत्या, हे मी विसरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला टाचा उचलल्या. उजवी उचलली गेली. डावी जमिनीला चिकटूनच राहिली. पुन्हा जोर लावला, काही नाही. दुखत नव्हतं, ताकदच नव्हती. मागे मुलं वह्या उघडून तारखेची वाट बघत होती. तिथे, खडू हातात असताना, मला लख्ख कळलं की पायाने काल जे सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. खोटं बोलत होता तो माणूस.

डॉक्टरांनी तपासलं, पुढे वाकणं पूर्ण बंद केलं, ऑपरेशन थोडक्यात टळलं. सरांना फोन केला तर म्हणाले, "हा हीलिंग क्रायसिस आहे, आता वर्ग चुकवू नका." उरलेल्या महिन्यांची फी मागितली तर पावतीवरचा 'परत मिळणार नाही' हा शिक्का दाखवला. मग योगवर्गाच्या ग्रुपवर संदेश आला : काही जणांना परिवर्तन झेपत नाही. नाव नव्हतं, पण कळायचं त्यांना कळलं.

मीही शिक्षिका आहे. 'बाई, कळलं नाही' असं मुलगा म्हणाला, तर तो त्याचा अहंकार असं मी म्हणत नाही. मी कुठे कमी पडले ते बघते. शिकवणाऱ्याकडून एवढी अपेक्षा जास्त आहे का?

आणि हे सगळं परंपरेच्या नावावर! महाराष्ट्रातली आधुनिक योगपरंपरा तर प्रश्न विचारतच उभी राहिली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. उड्डियान आणि नौली या योगक्रियांत पोटाच्या आत नेमकं काय घडतं हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजून तपासलं. त्यांनी कागद विसरा म्हटलं नाही, त्यांनी कागद तयार केले. बी.के.एस. अय्यंगारांनी पुण्यात दोर, पट्टे, लाकडी विटा आणि खुर्च्या वापरात आणल्या, त्या ज्याचं शरीर आसनापर्यंत पोचत नाही त्यालाही आधार घेऊन ते करता यावं म्हणून. पतंजलींनीही आसनाला स्थैर्याबरोबर सुखाची अट घातली आहे. कमरेवर वजन टाकण्याची सोय मला यात कुठे सापडत नाही.

पाय सावरल्यावर योगोपचार करणाऱ्या एका बाईंकडे गेले. त्यांनी पहिल्या दिवशी एकही आसन करवलं नाही. मला पाठीवर झोपवलं, पोटऱ्या खुर्चीवर ठेवायला लावल्या आणि विचारलं, "जमीन कुठे कुठे लागतेय?" उजवा कुल्ला जड लागत होता, डावा जवळजवळ नाहीच. वर्षानुवर्षं फळ्यासमोर सगळा भार उजव्या पायावर टाकून उभी राहत आले, हे मला जमिनीने सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "डावा पाय थोडा उचला, पण आधी श्वासाचं काय होतं ते बघा." पाय हलण्याआधीच श्वास अडकत होता आणि दात आवळले जात होते.

पुढे तेच शाळेत दिसू लागलं. मुख्याध्यापकांचा निरोप आला, एखादे पालक तावातावाने व्हरांड्यातून येताना दिसले, की दात आवळलेले, श्वास बरगड्यांत, कंबर ताठ. लोक मला शांत म्हणतात. त्या शांतपणासाठी माझी कंबर किती राबते हे मला तेव्हा समजलं. गादी यामुळे जागेवर गेली असं मी म्हणणार नाही. सरकलेली गादी पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आकसते, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण स्वतःची ही ओळख मला त्या खुर्चीने आणि त्या प्रश्नांनी करून दिली. योगोपचार म्हणतात तो हा.

आता जे या वाटेने जाणार आहेत त्यांच्यासाठी.

कळ कोणत्या दिशेने जाते ते बघा. कमरेतून पायात खाली उतरत असेल तर त्या क्षणी आसन सोडा. पायातली कळ कमी होऊन कमरेकडे वर सरकत असेल, तर कमरेत थोडं जास्त दुखलं तरी ते बहुधा सुधारणेचं चिन्ह असतं. स्नायूचा ताण मांडीच्या मध्यावर जाणवतो आणि आसन सोडलं की जातो. विजेसारखी कळ, मुंग्या, बधिरपणा ही नसेची तक्रार आहे. दोन्ही मांड्यांमधली जागा बधिर झाली, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पाऊल लुळं पडलं, तर योगवर्ग नको, फोनवरचा सल्लाही नको. त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

शिक्षण विचारा, लाजू नका. २०० तासांचा कोर्स योगशिक्षकाचा पाया आहे, उपचारकाची पदवी नव्हे. योगोपचारकांची आंतरराष्ट्रीय संघटना उपचारकाच्या अभ्यासक्रमाला किमान ८०० तास मागते. आपल्या आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचीही योगोपचारकासाठी वेगळी प्रमाणपत्रं आहेत. तुमच्या सरांकडे यातलं काय आहे? भिंतीवरच्या सत्काराच्या फोटोंवर जाऊ नका.

काचबिंदू किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर शीर्षासन नको. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणं नको. ही यादी न विचारताच जो शिकवायला लागतो, त्याला तुमच्याशी घेणंदेणं नाही.

न विचारता कुणालाही अंगावर हात टाकू देऊ नका. फी महिन्याची भरा, वर्षाची कधीच नको. डॉक्टरांना सांगून सुरू करा, रोज थोडं करा, घाई करू नका. हे सगळे सांगतात, मीही सांगते.

आणि 'दुखतंय' म्हटल्यावर ज्याचा हात लगेच मागे येत नाही, त्याच्या वर्गातून उठा. मध्येच उठा, सगळे बघत असले तरी उठा. चप्पल घाला आणि घरी या. फी बुडाली तर बुडू द्या.