इंग्रजी पत्रातील वाक्प्रचार : शब्द एक, अर्थ दुसरा

आपले पॉवरलूमवाले, रंगारी आणि शिलाईचे कारागीर आता परप्रांतातील व परदेशातील खरेदीदारांशी थेट पत्रव्यवहार करू लागले आहेत. ई-मेल असो की फोनवरील संदेश, मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. घरातील शिकलेली मुले शब्दकोश पाहून एकेक शब्दाचा अर्थ सांगतात, तरी वाक्याचा उलगडा होत नाही, कारण तो वाक्प्रचार असतो. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. इंग्रजी वाक्प्रचार समोर आला की आपल्या भाषेत त्याची जोडी शोधायची, ही आमची जुनी सवय आहे. वाचक बंधूंनीही ती लावून घ्यावी.

१) कापडाच्या धंद्यातून आलेले

'ऑन टेंटरहुक्स' : इंग्लंडमध्ये लोकरीचे कापड धुतल्यावर आकसू नये म्हणून 'टेंटर' नावाच्या लाकडी चौकटीवर, दोन्ही काठ आकड्यांत अडकवून, ताणून वाळवीत. प्रोसेस हाऊसमधील आपले स्टेंटर मशीन त्याच चौकटीचा वारस आहे. खरेदीदार लिहितो, 'वुई आर ऑन टेंटरहुक्स', म्हणजे मालाच्या काळजीने त्याचा जीव टांगणीला लागला आहे. अशा पत्राला त्याच दिवशी उत्तर द्यावे.

'डाइड इन द वूल' : कातण्याआधीच रंगविलेली लोकर. तिचा रंग आतपर्यंत मुरलेला असतो. म्हणून हा शब्द माणसाला लावला की अर्थ होतो पक्का, हाडाचा.

'कट युवर कोट अकॉर्डिंग टु युवर क्लॉथ' : म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरावे. उर्दूतही चादर पाहूनच पाय पसरायला सांगतात.

२) हिशेब आणि दर्जाचे

'इन द रेड' म्हणजे तोट्यात, 'इन द ब्लॅक' म्हणजे नफ्यात. वहीत तूट तांबड्या शाईने दाखविण्याच्या रिवाजातून हे आले. 'ब्रेक ईव्हन' म्हणजे ना नफा ना तोटा.

'ई अँड ओ ई' ही बिलाखालची अक्षरे म्हणजे आपलेच 'चूकभूल द्यावी घ्यावी'.

'कट कॉर्नर्स' म्हणजे कापडाचे कोपरे कापणे नव्हे. काम उरकण्यासाठी दर्जात काटकसर करणे, असा त्याचा अर्थ. 'डू नॉट कट कॉर्नर्स' असे कोणी लिहिले तर ती इशारत समजावी.

३) जेथे पैसा अडकतो

'बॉलपार्क फिगर' : बेसबॉलच्या मैदानावरून आलेला अमेरिकन शब्द. अर्थ, ढोबळ अंदाज. खरेदीदाराने असा आकडा दिला तर तो ठरलेला भाव नव्हे. त्या आकड्यावर सूत भरू नये.

'इन द पाइपलाइन' : काम मार्गी लागले आहे, पूर्ण झालेले नाही. 'पेमेंट इज इन द पाइपलाइन' याचा अर्थ पैसे अजून निघालेले नाहीत. येथे 'नौ नक़द न तेरह उधार' ही म्हण आठवावी.

'टेबल' : ब्रिटिश माणूस एखादा विषय 'टेबल' करू म्हणतो तेव्हा तो चर्चेला घ्यायचा असतो. अमेरिकन तोच शब्द विषय बाजूला ठेवण्यासाठी वापरतो. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत वाद झाला होता, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धाच्या इतिहासात नोंदविले आहे. तेथे दोघांची मातृभाषा इंग्रजीच होती. मग आपण विचारून घेण्यात कमीपणा कसला?

'ॲज इज व्हेअर इज' : जुने लूम, शेड किंवा गाळा लिलावात घेणाऱ्यांनी हे शब्द विशेष लक्षात ठेवावेत. बँकेच्या लिलावाच्या जाहिरातीत ते नेहमी असतात. वस्तू ज्या स्थितीत आणि ज्या जागी आहे तशीच घ्यावी लागेल, मागाहून तक्रार चालणार नाही, असा त्याचा अर्थ. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये दिलेल्या निकालानुसार, वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर, अशा लिलावातील जागेची जुनी वीजबाकी नव्या मालकाकडूनही मागता येते. चार शब्द न समजल्याने स्वस्तात पडलेली शेड महाग पडू शकते. म्हणून बोली लावण्यापूर्वी वीज कंपनी व नगरपालिका यांच्याकडे थकबाकीची चौकशी करावी आणि यंत्र कारागिराकडून तपासून घ्यावे.

४) काय करावे?

पत्र वाचताना अर्थ जुळत नाही असे वाटले की तो वाक्प्रचार समजावा आणि जाणत्याला विचारावे. आपण उत्तर लिहिताना मात्र वाक्प्रचार टाळावेत. साधे, लहान वाक्य कोठेही समजते.

वाक्प्रचार हा करार नव्हे. करार होतो तो नगाने, भावाने आणि तारखेने. समोरच्याचे इंग्रजी कितीही गोड असले तरी माल यंत्रावर चढविण्यापूर्वी एवढे एक वाक्य पाठवावे : 'प्लीज कन्फर्म क्वान्टिटी, रेट, डिलिव्हरी डेट अँड पेमेंट डेट इन रायटिंग.' म्हणजे नग, भाव, माल देण्याची तारीख आणि पैशाची तारीख लेखी कळवा. उत्तरात चारही गोष्टी आल्या तर काम सुरू करावे. एखादी राहिली तर पुन्हा विचारावे.