परदेशी दत्तक गेलेल्यांचा मातृशोध

प्रश्न : महाराष्ट्रातून बालपणी परदेशी दत्तक गेलेल्या व्यक्तीला जन्मदात्या आईचा शोध कसा घेता येतो?

उत्तर : या शोधाला भारतात ‘रूट सर्च’ म्हणतात, २०२२ च्या दत्तक नियमावलीत त्याची तरतूद आहे. १८ वर्षांवरील दत्तक व्यक्ती केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे (‘कारा’) किंवा दत्तक देणाऱ्या मूळ संस्थेकडे स्वतः अर्ज करू शकते. खरा आधार संस्थेतील प्रवेशनोंद आणि न्यायालयाचा आदेश यांचाच असतो. मूल बेवारस सापडलेले असल्यास नोंदीत आईचे नाव बहुधा नसते. आईने स्वतः सुपूर्द केले असल्यास समर्पणपत्र मिळण्याची शक्यता असते. मात्र तिने गुप्तता मागितली असेल तर तिची संमती लागते. ही अट कठोर वाटली तरी न्याय्य आहे, कारण कित्येक अविवाहित मातांनी पुढे संसार मांडलेला असतो आणि घरच्यांना काहीच ठाऊक नसते. त्रयस्थाकरवी शोधाला नियमावलीत परवानगी नाही. त्यामुळे अर्ज संबंधिताने स्वतःच करावा.