रेंज आहे, पण नेट नाही
पालघर जिल्ह्यातील भ्रमणध्वनी सेवा : बोईसरची गर्दी आणि मोखाड्याच्या दऱ्या

अरबी समुद्राचा किनारा आणि सह्याद्रीचे उतार यांच्यामध्ये पसरलेला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला रेल्वेमार्ग, बोईसरचे स्थानक, तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ साली सुरू झालेले देशातील पहिले अणुविद्युत केंद्र आहे. पूर्वेला जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड हे डोंगराळ तालुके असून वैतरणा, पिंजाळ व सूर्या या नद्यांच्या खोऱ्यांत आदिवासी बांधवांचे पाडे विखुरलेले आहेत. या दोन्ही भागांतून भ्रमणध्वनी सेवेबाबत येणारी तक्रार शब्दशः एकच असते : "नेटवर्क नाही." मात्र बोईसरच्या तक्रारीमागील कारण आणि मोखाड्याच्या तक्रारीमागील कारण यांत महदंतर आहे. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा कार्यालयाचा अर्ज लिहिताना हा भेद ध्यानात घेतला जात नाही आणि अर्ज वर्षानुवर्षे फिरत राहतात.

हा भेद समजून घेण्यासाठी मनोऱ्याचे काम कसे चालते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. हातातील फोन आणि जवळचा मनोरा यांच्यात रेडिओलहरींनी संपर्क होतो. फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या उभ्या रेषा केवळ या पहिल्या टप्प्याची ताकद दाखवितात. मनोऱ्यापासून पुढे मुख्य यंत्रणेपर्यंतचा टप्पा निराळा असतो. तो प्रकाशीय तंतूच्या, म्हणजे फायबरच्या, तारेने किंवा एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्याकडे सोडलेल्या सूक्ष्मलहरींनी जोडलेला असतो. शिवाय एका मनोऱ्याची क्षमता त्याच्या कक्षेतील सर्व ग्राहकांत वाटली जाते. विहिरीला पाणी पुष्कळ असले तरी एकाच पोहऱ्याने सारे गाव पाणी शेंदू लागले, की प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे रेषा पूर्ण असूनही चित्र उघडत नाही, पैसे भरले जात नाहीत, आणि ग्राहकाला वाटते की आपला फोनच बिघडला.

बोईसर-तारापूरचा प्रश्न या जातीचा आहे. कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी, लोकल गाड्यांच्या गर्दीत आणि रात्री परप्रांतीय कामगार घरच्यांशी चित्रफोनवर बोलत असताना थोड्या जागेत फार मोठी मागणी एकवटते. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी सेवा विरारच्या पुढे डहाणूपर्यंत वाढली आणि या पट्ट्यातील वस्ती व वर्दळ आणखी दाट झाली. अशा ठिकाणी नवा, उंच मनोरा मागण्याने फारसे साधत नाही. आहे त्या मनोऱ्यांवर जास्तीचे लहरपट्टे बसविणे, त्यांची कक्षा लहान करून मध्ये आणखी मनोरे उभारणे आणि सूक्ष्मलहरींवरील मनोरे फायबरला जोडणे हे खरे उपाय होत. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात आरंभ झालेल्या पाचव्या पिढीच्या सेवेचा मुख्य लाभही दाट वस्तीला आहे. तिचा ३३०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा एकाच वेळी पुष्कळ माहिती वाहून नेतो. मात्र तो फार दूर जात नाही आणि भिंतीआड चटकन क्षीण होतो.

डोंगराळ भागात परिस्थिती उलट आहे. तेथे गर्दीचा प्रश्न नसून लहरी पोचण्याचाच प्रश्न आहे. जव्हार नगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसले आहे. त्याच्या अवतीभवतीचे पाडे मात्र पठाराच्या कडेखाली, दरीच्या पोटात आहेत. रेडिओलहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मनोरा अंतराने जवळ असला तरी मध्ये डोंगराची सोंड आली, तर पलीकडचा पाडा तिच्या सावलीत राहतो. नकाशावर गावाच्या नावापुढे सेवा उपलब्ध असल्याची नोंद असते आणि ती खोटीही नसते, कारण गावठाणात रेंज मिळते. त्याच महसुली गावाचे चार पाडे मात्र कोरडे असतात. या भागात ७०० ते ९०० मेगाहर्ट्‌झचे खालचे पट्टे अधिक उपयोगी, कारण ते दूरवर जातात आणि अडथळ्यांना काही प्रमाणात वळसा घालतात. त्यातच पावसाळ्यात वीज दीर्घकाळ खंडित झाली आणि मनोऱ्याची बॅटरी उतरली, म्हणजे असलेली सेवाही बंद पडते.

एका मनोऱ्यामागे ग्राहक थोडे आणि खर्च अधिक, या कारणाने खाजगी कंपन्या अशा भागात स्वतःहून जाण्यास उत्सुक नसतात. यासाठीच केंद्र शासनाने २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी उभारला. कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा पाच टक्के हिस्सा त्यात जमा होतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नामकरण 'डिजिटल भारत निधी' असे झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांतील सेवाहीन गावांसाठी मंजूर झालेल्या योजनेचा लाभ पालघरला मिळू शकला नाही. महाराष्ट्रातील आकांक्षित जिल्हे नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे चारच. मोखाड्याची गरज या यादीतील कोणत्याही तालुक्यापेक्षा कमी म्हणता येणार नाही. पण मोजमाप जिल्ह्याचे होते, आणि एकाच जिल्ह्यात वसई-विरार व मोखाडा असले की सरासरी फसवी ठरते. जुलै २०२२ मध्ये मात्र केंद्रीय मंत्रिमंडळाने २६,३१६ कोटी रुपये खर्चाची देशव्यापी योजना मंजूर करून २४,६८० सेवाहीन गावांत चौथ्या पिढीची सेवा पोचविण्याचे काम भारत संचार निगमकडे सोपविले. तीत जिल्ह्याची अट नव्हती. निगमच्या स्वदेशी बनावटीच्या चौथ्या पिढीच्या जाळ्याचे राष्ट्रार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे झाले.

सेवेअभावी काय अडते, हे गेल्या काही वर्षांत अधिकच स्पष्ट झाले आहे. रास्त भाव दुकानातील यंत्रावर अंगठा उमटवून धान्य मिळते. यंत्राचा संपर्क तुटला की रांग थांबते. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली, देशाच्या कितीतरी आधी केला. त्या परंपरेतील केंद्रीय योजनेत १ जानेवारी २०२३ पासून, व्यक्तिगत लाभाची कामे वगळता, मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्रांसह ॲपवर नोंदविणे सक्तीचे झाले. ज्या तालुक्यांत मजुरीची गरज सर्वांत मोठी, त्यांतच रेंज सर्वांत कमी, आणि नोंद चुकली तर मजुरी अडते. अंगणवाडी सेविका २०२१ पासून बालकांची वजने व उंची पोषण ट्रॅकरवर भरू लागल्या. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२-९३ च्या बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. त्या परिसरात एखाद्या बालकाचे घटते वजन वरच्या कार्यालयाला वेळीच दिसणे किंवा न दिसणे ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही.

ग्रामपंचायतींनी याबाबत काय करावे? प्रथम तक्रार नेमकी करावी. 'नेटवर्क नाही' एवढ्याने भागत नाही. पाड्याचे नाव, कोणत्या कंपनीचे सिमकार्ड, दिवसाच्या कोणत्या वेळी अडचण येते, रेंज मुळीच नसते की असून नेट चालत नाही, आणि पडद्यावर २जी, ४जी की ५जी असे कोणते अक्षर दिसते, हे लिहावे. शाळेतील शिक्षक मोठ्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अशी आठवडाभराची नोंद सहज करू शकतील. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या विनियमांनुसार प्रत्येक कंपनीने आपल्या सेवेचे तंत्रज्ञाननिहाय नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. कंपनीच्या नकाशात रंगविलेला पाडा प्रत्यक्षात कोरडा असल्याचे दाखविणारी वही ही रिकाम्या निवेदनापेक्षा वजनदार ठरते. त्याच विनियमांनुसार एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक काळ खंडित झाल्यास ग्राहकाला भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यावयाची आहे. ही तरतूद फारच थोड्यांना माहीत आहे.

जागेचा प्रश्न पुष्कळदा वनजमिनीपाशी अडतो. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) अन्वये ग्रामसभेची शिफारस असल्यास, एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी कमाल ७५ झाडे या मर्यादेत ठराविक सार्वजनिक सुविधांसाठी जमीन वळती करता येते. या यादीत विद्युत व दूरसंचार वाहिन्या आहेत. मनोऱ्याचा स्वतंत्र उल्लेख नाही, तेव्हा मनोऱ्याच्या जागेबाबत वन विभागाशी आधीच विचारविनिमय करणे श्रेयस्कर. मनोऱ्याच्या किरणोत्सर्गाची भीती दाखवून काही गावांत विरोध होतो. भारतात ही मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय आयोगाने सुचविलेल्या मर्यादेच्या एक-दशांश ठेवण्यात आली आहे, हे ग्रामसभेत सांगावयास हवे.

मनोरा आला म्हणजे काम संपले, असेही नाही. सेवेची पिढी बदलते तेव्हा जुने फोन मागे पडतात. खाजगी कंपन्यांनी तिसऱ्या पिढीची सेवा गुंडाळल्यावर त्या काळातील फोन पुन्हा २जीवर आले. रिलायन्स जिओचे जाळे आरंभापासून, म्हणजे २०१६ पासून, चौथ्या पिढीचेच असल्याने साधा २जी फोन त्यावर चालत नाही. भारत संचार निगमच्या नव्या सेवेसाठी जुने सिमकार्ड बदलून घ्यावे लागते. ती ७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावरही दिली जाते आणि काही जुन्या ४जी फोनांत हा पट्टा नसतो. निधीतून उभारलेल्या ४जी मनोऱ्यांवरून एकाहून अधिक कंपन्यांच्या ग्राहकांना सेवा घेता यावी, अशी सोय १७ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली असून पाड्यांवरील कुटुंबांना प्रत्येक कंपनीचे वेगळे सिम घेण्याची गरज तिने कमी व्हावी. संकटकाळी ११२ क्रमांक मात्र आपल्या कंपनीची रेंज नसतानाही, परिसरात दुसऱ्या कोणाची असल्यास, लागू शकतो. आशा सेविकांनी ही गोष्ट घरोघर सांगितलेली बरी.

रिचार्जच्या योजनांचाही विचार याच अंगाने व्हावयास हवा. २८ दिवसांच्या योजनेत वर्षाला बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात. म्हणून प्राधिकरणाने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांची योजनाही ठेवण्यास सांगितले. रोज दीड जीबी देणारी योजना बोईसरच्या कामगाराला सोयीची आहे. ज्या मजुराला दिवसभर दरीत रेंजच मिळत नाही, त्याचा न वापरलेला डेटा मात्र मध्यरात्री बुडतो. त्याला मुदतीत केव्हाही वापरता येणारा एकरकमी डेटा अधिक परवडेल. आणि ज्यांना केवळ बोलायचे आहे अशा वृद्धांसाठी, २३ डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनुसार, डेटाविरहित, फक्त कॉल व संदेशांची किमान एक योजना ३६५ दिवसांपर्यंतच्या मुदतीत ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक झाले आहे. रिचार्जच्या दुकानदाराकडे ती नावाने मागावी लागते. बहुधा तो ती आपणहून पुढे करीत नाही.