करवंदाचा द्रोण आणि गरिबाचा वाटा

शास्त्रवाचन : अनुवाद 24:19-22



वैशाखात सह्याद्रीच्या उतारांवर करवंदाच्या जाळ्या काळ्या होतात. मागोमाग जांभळे येतात. भातलावणी सुरू होण्याआधीच्या या दिवसांत शेतावर मजुरी फारशी नसते. तेव्हा कातकरी, ठाकर, वारली भगिनी पहाटे डोंगरावर जातात, काट्यांतून फळ वेचतात आणि पानांच्या द्रोणांत भरून घाटरस्त्यावर किंवा स्टेशनबाहेर विकायला बसतात. पिकले फळ टिकत नाही, म्हणून संध्याकाळी मिळेल त्या भावाला द्यावे लागते.

आपला शास्त्रभाग सांगतो की, जैतुनाचे झाड एकदा झोडपल्यावर फांद्या पुन्हा धुंडाळू नयेत. द्राक्षे खुडल्यावर राहिलेले घड वेचायला परत जाऊ नये. जे उरते ते परका, अनाथ व विधवा यांचे. येथे मालकाने खुशीने दान द्यावे असे म्हटलेले नाही. तो त्यांचा वाटाच आहे. कारणही दिले आहे : इस्राएल लोक स्वतः मिसर देशात दास होते, हे त्यांनी विसरू नये.

रानमेव्याचेही असेच आहे. परंपरेने गोळा होणारे गौण वनउत्पादन वेचण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा वननिवासींचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. रस्त्याकडेची ती बहीण आपल्याकडे मदत मागत नाही. आपल्या हक्काचा माल विकते. मग द्रोणामागे पाच रुपयांची घासाघीस करताना आपण कोणाचा वाटा कमी करतो?

घरी करून पाहा : करवंदाचा जॅम

1 किलो करवंदे घ्या. त्यांत पावभाग अर्धवट पिकलेली असू द्या, म्हणजे जॅम चांगला आळतो. धुऊन, स्टीलच्या पातेल्यात थोड्या पाण्यात मऊ शिजवा. चाळणीवर चोळून बिया काढा. जितक्या वाट्या गर, तितक्या वाट्या साखर घालून मंद आचेवर ढवळत राहा. थंड ताटलीत टाकलेला थेंब पसरला नाही, की उतरवा. साखर घोटलेल्या चक्क्यात हा जॅम कालवला की जांभळट रंगाचे, आंबटगोड श्रीखंड होते.

मंडळीत चर्चेसाठी

1. आपण ज्याला दान म्हणतो, त्यातले किती खरे तर दुसऱ्याचा वाटा आहे?
2. या हंगामात मंडळीतील कुटुंबे एकत्र येऊन विक्रेत्या भगिनींकडून सांगितलेल्या भावाने फळ घेऊ शकतील काय?