झटका-कुंपणाची बॅटरी पावसाळ्यांत कशी राखावी

रानडुकरांपासून मका व भुईमूग राखण्यासाठीं सौर झटका-यंत्र बसविणारे शेतकरी बंधु तारेची व खांबांची काळजी घेतात. बॅटरीकडे मात्र ती बंद पडल्यावरच पाहतात. गेल्या श्रावणांत प्रस्तुत लेखकाकडूनही हाच प्रमाद घडला. झटका मंद लागूं लागला, तेव्हां तारेला ओलें गवत टेकलें असावें असें समजून आम्ही दोन दिवस गवतच कापीत राहिलों. तिसऱ्या रात्रीं डुकरें आंत शिरलीं व मक्याचें अर्धें वावर आडवें करून गेलीं. सकाळीं बॅटरी मोजली तों ९ व्होल्ट! पुढें ती कधींच पुरती भरली नाहीं.

शिसें व गंधकाम्ल यांच्या बॅटरींतून वीज खर्च होतांना प्लेटांवर शिशाचें सल्फेट जमतें. लगेच भरणी केल्यास तें मूळ रूपास जातें. परंतु बॅटरी रिती पडून राहिली, तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि मग प्लेटा पूर्ववत् होत नाहींत. म्हणून निम्म्याहून अधिक वीज सहसा काढूं नये.

हिशेब सोपा आहे. यंत्र पाव अँपिअर घेतें असें धरिलें, तर बारा तासांच्या रात्रीस ३ अँपिअर-तास लागतात. १२ अँपिअर-तासांची बॅटरी उन्हावांचून दोन रात्रींतच निम्म्यावर येते. त्याच बॅटरीवर राखणदाराचा ६ वॅटचा दिवा रात्रभर लाविला, तर आणखी ६ अँपिअर-तास जातात, म्हणजे पहिल्याच रात्रीं मर्यादा ओलांडली! आमचा खरा चोर हा दिवाच होता.

साध्या मल्टीमीटरनें पहाटे, पॅनेलवर ऊन येण्यापूर्वीं, यंत्र बंद करून थोड्या वेळानें व्होल्ट मोजावे. १२.६ च्या वर असल्यास बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे सुमारें निम्मी, ११.९ च्या खालीं जवळजवळ रिती. दिवसां भरणी चालू असतां मोजलेला आंकडा फसवा असतो. कित्येक नियंत्रक ११ व्होल्टच्या आसपास भार तोडतात; इतक्या अल्प प्रवाहावर तोंपर्यंत बॅटरी रिती झालेली असते. मर्यादा बदलतां येत असल्यास १२ वर ठेवावी.

झड लागल्यास बॅटरी घरीं आणून चार्जरवर भरावी. त्या रात्रीं कुंपण बंद राहील. पण घरगुती २३० व्होल्टची वीज तारेंत कदापि सोडूं नये. यंत्राचा झटका क्षणमात्र असतो, ही वीज सतत वाहते व माणूस जागींच ठार होतो. मचाणावर डबा वाजवीत एक रात्र काढावी.