डंगरी

कन्हान नदीच्या काठचे खापा हे नागपूर जिल्ह्यातील विणकरांचे जुने गाव. कापडाला गावाचे नाव चिकटते, हे तेथील मुलांना सांगावयास नको. पैठणची ती पैठणी, नागपूरकडचे ते नागपुरी लुगडे! परंतु आपल्याकडच्या एका ठिकाणाचे नाव कापडाबरोबर गलबतावर चढले आणि चक्क इंग्रजी शब्द होऊन बसले. तो शब्द म्हणजे 'डंगरी'.

मुंबई बंदराजवळ डोंगरी नावाची वस्ती आहे. लहान डोंगर ती डोंगरी. पूर्वी तेथे खरोखरच एक टेकडी होती व तिच्यावर किल्लाही होता. या भागात मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडास 'डुंगरी' हे नाव पडले. 17 व्या शतकात मुंबई-सुरतेकडे व्यापारास आलेल्या इंग्रजांनी ते उचलले. त्यांच्या तोंडी त्याचे 'डंगरी' झाले आणि उच्चाराचा सारा भार शेवटच्या 'री'वर गेला.

ढाक्याच्या तलम मलमलीची कीर्ती देशोदेशी होती. या खरखरीत कापडाचे कौतुक कोण करणार? पण ते स्वस्त होते आणि चटकन फाटत नसे. म्हणून शिडे, तंबू आणि खलाशांचे कपडे यांसाठी त्याचा उपयोग होऊ लागला. पुढे कापडाचे नाव त्याच्या कपड्यालाच मिळाले. इंग्लंडात छातीवर पट्टी व खांद्यांवर बंद असलेल्या विजारीला हा शब्द लावतात. अमेरिकेत मात्र निळ्या जाड कापडाच्या साध्या विजारीलाही तो लावीत.

इंग्रजीत या कपड्याचे नाव नेहमी अनेकवचनी असते : 'डंगरीज'. वस्त्र एकच, पण पाय दोन ना! आपला 'पायजमा'देखील तिकडे जाऊन असाच 'पायजमाज' झाला आहे. 'डंगरी' असे एकवचनी म्हटले, तर इंग्रजीत बहुधा ते कापड समजावे.

आज आपल्या बाजारातही लहान मुलांच्या डंगऱ्या टांगलेल्या दिसतात. दुकानदार हा शब्द इंग्रजी म्हणूनच उच्चारतो. परंतु परत येताच त्याने मराठीचे वळण धरले आहे. 'ती डंगरी', 'त्या डंगऱ्या' असेच आपण म्हणतो. जशी 'ती टेकडी', 'त्या टेकड्या'.