चूक दाखवावी कशी?
(शुश्रूषेच्या कामांतून एक धडा)

वाचकहो, आपल्या मंडळ्यांतील मुली परिचारिकेचें काम शिकून रुग्णालयांत सेवा करूं लागतात, तेव्हां कधीं कधीं एक कठीण प्रसंग त्यांजपुढें येतो. बरोबरीची एखादी परिचारिका रोगी, नातेवाईक व डॉक्टर ह्यांच्या देखत इतरांच्या चुका काढिते. अशा वेळीं काय करावें?

१. प्रथम रोगी, मागाहून आपला मान. औषध देतांना पांच गोष्टी पडताळावयाच्या असतात: रोगी, औषध, प्रमाण, देण्याची रीत आणि वेळ. सुई टोचण्याच्या बेतांत असतांना कोणी "थांबा, प्रमाण पुन्हां पाहा" असें म्हटलें, तर तिनें उपकारच केला. तेथें एकांत शोधीत बसल्यास रोग्याचा जीव धोक्यांत येईल. हात थांबवावा, पडताळा घ्यावा, आणि चूक असल्यास "बरें झालें सांगितलें" एवढेंच म्हणावें.

२. परंतु चादरीची घडी किंवा नोंदवहींतील अक्षर ह्यांसाठीं चारचौघांत लाजविणें निराळें. त्यानें रोग्याचा लाभ नाहीं. उलट त्याचा आपणांवरील भरवसा उडतो. त्याहून मोठी हानि ही कीं, लाजलेलें माणूस पुढें चूक झांकूं लागतें. अमेरिकेंतील एमी एडमंडसन ह्या विदुषीनें रुग्णालयांतील औषधांच्या चुकांविषयींचा आपला अभ्यास १९९६ सालीं प्रसिद्ध केला. जेथें मुख्य परिचारिका मोकळ्या मनाची होती, तेथें उघडकीस आलेल्या चुका अधिक आढळल्या. तेथें काम वाईट होतें असें नव्हे. चूक सांगावयास भीति नव्हती, असा अर्थ तिनें लाविला. झांकलेल्या चुकेपासून मात्र कोणीच कांहीं शिकत नाहीं.

३. पाळी संपल्यावर तीस एकटीला गांठावें. अपराधी भावाशीं प्रथम एकांतीं बोलण्याचा जो क्रम मत्तय १८:१५ येथें घालून दिला आहे, तो येथेंही उपयोगी पडतो. असें म्हणावें: "सिस्टर, सकाळीं तुम्ही दाखविलेली चूक खरी होती. पण नातेवाइकांसमोर बोललां, त्यामुळें मला पुढचें काम सुचेना. जिवाला धोका असेल तर तेथेंच थांबवा. एरवीं बाजूला घेऊन सांगा." कदाचित् तीही अशाच बोलण्याखालीं शिकलेली असेल, दुसरी रीत तीस कोणीं दाखविलीच नसेल.

४. इतकें करूनही ती न थांबल्यास, तारीख, वेळ व बोललेले शब्द लिहून ठेवावे आणि वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेस सांगावें. तेवढ्यानें न भागल्यास मेट्रनकडे जावें. जेवणाच्या खोलींत तिची निंदा करूं नये. तिनें जें तोंडावर केलें, तेंच आपण पाठीमागें केलें असें होईल.

विचारासाठीं प्रश्न
१. कोणती चूक तत्क्षणीं सर्वांदेखत थांबवावी, व कोणती थांबवूं नये?
२. आपली चूक कोणीं दाखविली असतां आपण प्रथम चूक पाहतों कीं अपमान?
३. शिक्षकबंधूंनो, सहकाऱ्याचा दोष आपण सभेंत मांडितों, कीं आधीं त्याच्या घरीं जातों?